बापावर गेलाय

"मॅडम, हे रक्तातच असतं का हो?"

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. त्या दिवशी विचारणाऱ्या ताईंचा नवरा खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत होता आणि त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाने वर्गातल्या एका मुलाच्या हातात कर्कटक खुपसलं होतं. शाळेने समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं म्हणून त्या आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा बाहेर बाकावर बसला होता. ताई अगदी दबक्या आवाजात बोलत होत्या, पण दार नीट लागलेलं नव्हतं. त्याने ऐकलं असणार.

"असं काही नसतं" म्हणून त्यांची समजूत काढणं सोपं होतं, पण ते खोटं ठरलं असतं. राग किती चटकन चढतो, आवरायला किती जड जातो, यातलं काही आपण जन्मतःच घेऊन येतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून माणसामाणसांतल्या आक्रमकतेच्या फरकाचा जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक दिसतो. हे ऐकून ताईंचा चेहरा उतरला. मग मी त्यांना न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहराबद्दल सांगितलं. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा संशोधकांनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मेंदूतली काही रसायनं मोडण्याचं काम ज्यावर अवलंबून असतं, असा एमएओए नावाचा एक जनुक आहे. काही जणांत तो मंद असतो. २००२ साली असं मांडलं गेलं की मंद जनुक आणि लहानपणचा छळ हे दोन्ही ज्या मुलग्यांच्या वाट्याला आलं, ते पुढे जास्त हिंसक निघाले. जनुक तोच, पण घरात छळ नाही, असे मुलगे इतरांसारखेच राहिले. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हा संबंध इतका ठळक दिसला नाही. तरी एकटा जनुक कुणाला खुनी करत नाही, एवढं मी ताईंना खात्रीने सांगू शकले.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मार मी खाल्ला, मॅडम. पण बघत तो होता."

सातव्या वर्षापर्यंत त्याने ते पाहिलं होतं. अजूनही रात्री कडी वाजली की तो उठून बसायचा. अशा मुलाचं शरीर सतत पहाऱ्यावर असतं. मधल्या सुट्टीत कुणाचा कोपर लागला तरी मुद्दाम मारलं असंच वाटतं. त्यात आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. कर्कटक प्रकरणात समोरचा मुलगा "ए खुन्याच्या" म्हणाला होता. शाळेच्या चिठ्ठीत याचा उल्लेख नव्हता.

मुलगा माझ्याशी तीन भेटी बोलला नाही. चौथ्या भेटीत खाली बघत म्हणाला, "बाबा ३१ वर्षांचे होते. मला अजून १७ वर्षं आहेत."

त्याने वजाबाकी करून ठेवली होती. घरात त्याला कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. पण ताट जरा जोरात सरकवलं की आजी म्हणायची, "बापावर गेलाय." आजीचंही दुःख होतंच; तुरुंगात होता तो तिचाच मुलगा.

गुन्हा रक्तातून येतो, हा समज इंग्रजांनी १८७१ साली कायद्यातच उतरवला होता. पारध्यांसारख्या कितीतरी जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसं राहिली. ती मोकळी व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला, आणि पारध्याच्या पोराकडे संशयाने बघणं आजही थांबलेलं नाही. त्यामुळे "बापावर गेलाय" हे साधं बोलणं म्हणून मला सोडून देता येत नाही. मुलं ते ऐकतात आणि वजाबाकी करतात.

ताईंच्या संमतीने मी आणि मुलाने खुनाची ती संध्याकाळ कागदावर मांडली. बांधाचा जुना वाद. पोटात दारू. उसातून परतताना हातात राहिलेला कोयता. चुलत भावाने चारचौघांत काढलेली लाज. आणि भोवती बघे. त्याच्याही मागे, त्या माणसाला लहानपणी बैलाच्या चाबकाने मारणारा बाप. बापाची बाजू घेण्यासाठी हे मांडलं नव्हतं. एक माणूस जिवानिशी गेला होता आणि तेही आम्ही त्याच कागदावर लिहिलं. मुलगा प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवत गेला. "कोयता घरी ठेवला असता तर?" मग, "दारू नसती तर?" शेवटी बघ्यांवर बोट थांबलं. "यांच्यातल्या एकानेपण हात धरला नाही?"

पुढे कामाला लागलो. राग येताना आधी काय होतं, हे त्याने शोधलं: कानशिलं तापतात, मग मुठी वळतात. कानशिलं तापली की न विचारता वर्गाबाहेर नळावर जायचं, असं वर्गशिक्षकांनी कबूल केलं. त्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. दोन महिन्यांत तो सहा वेळा नळावर गेला. एकदा नाही गेला, मारामारी झाली, पण हातात काही नव्हतं.

ताईंनी पुन्हा विचारलं, "म्हणजे आता नाही ना तसं होणार?" हमी मला देता आली नाही. मार पाहत वाढलेली बहुतेक मुलं खून करत नाहीत, हे सांगितलं. आणि आजीला एकदा घेऊन या म्हटलं.

आजी आल्या, फार बोलल्या नाहीत, डोळे पुसत राहिल्या. पंधरवड्याने त्यांचा फोन आला. "आज त्यानं ताट आपटलं, मॅडम. तोंडावर आलं होतं माझ्या. गिळलं. म्हटलं, भाकरी गार झालीय का रे? तर म्हणाला, नाही गं आजी, गणिताचा पेपर वाईट गेला."