एका गुंठ्याचा एक ठिपका

प्रश्न : महापुरात आमचा ऊस आठवडाभर पाण्याखाली होता. मोबाइलच्या नकाशात मात्र तेच शेत हिरवंगार दिसतं. त्या दिवसाचा उपग्रहाचा फोटो मिळेल का? पंचनाम्याला चालेल का? – एक शेतकरी, शिरोळ

मोबाइलवरचा नकाशा म्हणजे वेगवेगळ्या तारखांच्या, ढग नसलेल्या फोटोंची गोधडी. त्यात पुराचा दिवस सापडणार नाही. आणि पुराच्या दिवशी आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खाली फक्त ढगांचा कापूस दिसतो. तुम्हाला हवं आहे रडारचं चित्र. रडार स्वतः लहरी सोडतं, त्या ढगातून आरपार जातात, रात्रीही चालतं. युरोपचा सेंटिनल-१ हा असा उपग्रह आहे आणि त्याची चित्रं कुणालाही फुकट मिळतात.

कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर खातं उघडा. नकाशात आपलं शेत शोधून भोवती चौकट काढा. सेंटिनल-१ निवडा; यादीत प्रकार आयडब्ल्यू (IW) आणि ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, व्हीव्ही (VV) घ्या. आता दोन तारखा घ्या : एक कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीवर होतं तेव्हाची, दुसरी त्याआधी १२ किंवा २४ दिवसांची. १२च का, तर एक उपग्रह १२ दिवसांनी नेमका त्याच वाटेवर येतो. एक चित्र चढत्या (दक्षिणेकडून उत्तरेला) फेरीचं आणि दुसरं उतरत्या (उत्तरेकडून दक्षिणेला) फेरीचं घेतलं, तर रडारची बाजूच बदलते आणि तुलना फसते. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात.

सपाट पाणी लहरी आरशासारख्या पलीकडे फेकतं, म्हणून ते काळं दिसतं. आधीच्या चित्रात करडं आणि नंतरच्यात काळं झालं, तर तिथे पाणी आलं. दोन्हीत काळं असेल तर ती नदी, तळं किंवा चिखलणी केलेलं भाताचं खाचर. पन्हाळा, गगनबावड्याकडे डोंगराची सावलीही काळी पडते, तिला पाणी समजू नका. उलट जोराचा वारा असेल तर पाण्यावर लाटा उठतात आणि खरं पाणीच उजळ दिसतं.

आता तुमच्या उसाची अडचण. यंदाची आडसाली लागण अजून बुटकी असते, ती पूर्ण बुडाली की काळी दिसते, प्रश्न मिटला. पण गेल्या वर्षीचा ऊस आठ-दहा फूट उंच, शेंडे पाण्याबाहेर. तिथे लहरी पाण्यावर आपटून कांड्यांवर, तिथून परत रडारकडे जातात आणि फड काळा व्हायच्या जागी उजळ दिसू शकतो. पाला फार दाट असेल तर या लहरी खालपर्यंत पोचतही नाहीत, मग काहीच बदल दिसत नाही. म्हणजे चित्रात पाणी नाही, म्हणून फडात पाणी नव्हतं असं ठरत नाही. विमा कंपनीने असा दावा केला तर हे जरूर सांगा.

अशा फडासाठी दुसरा उपाय : आभाळ उघडल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, सेंटिनल-२ या कॅमेऱ्याच्या उपग्रहाचं चित्र बघा आणि त्यात एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा आकडा लावा. पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत) पाणी जाऊन कुजलेला ऊस शेजारच्या उंचवट्यावरच्या उसापेक्षा स्पष्ट फिका दिसतो. या उपग्रहाच्या चित्राचा एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१. हिशेब सोपा. पण २० गुंठ्यांचा चौकोनी तुकडा ४५ मीटरचा असतो, कडेचे ठिपके शेजाऱ्याच्या बांधासकट मिसळतात, निर्मळ असे जेमतेम नऊच उरतात. दहा गुंठ्यांच्या आतल्या रानासाठी यावर भांडू नये.

पंचनामा जागेवरच होतो. हे चित्र तारीख, वेळ आणि गट नंबर लिहून सोबत जोडायचा पुरावा आहे, पंचनाम्याची जागा घेणारा नाही.

प्रश्न : एकच उपग्रह पिकंही बघतो आणि सैन्यही तोच वापरतं म्हणे. मग लष्करी उपग्रह वेगळा कशात? – राजारामपुरी, कोल्हापूर

कॅमेऱ्यात फारसा नाही. रांगेत आहे. पैसे कोण मोजतो, उपग्रह कुणासाठी वळवला जातो, चित्र किती मिनिटांत हातात पडतं आणि इतरांना ते विकायचं की नाही हे कोण ठरवतं, खरा फरक तिथे.

१९९९ साली इकोनॉस हा सुमारे १ मीटर बारकाव्याचा, म्हणजे ठिपका तेवढा असलेला, खासगी उपग्रह अवकाशात गेला. २००१च्या अखेरीस अफगाणिस्तानात युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकी सरकारने त्या भागाच्या चित्रांचे सगळे हक्कच विकत घेतले. विक्री बंद पाडायचा अधिकार कायद्याने हाताशी होता, तरी पाकीट उघडणं सोपं पडलं. फिनलंडची आइसआय कंपनी पुराच्या पाण्याची माहिती विमा कंपन्यांना विकते. २०२२ साली युक्रेनमधल्या लोकवर्गणीतून तिच्याच एका रडार उपग्रहाची सेवा तिथल्या सैन्यासाठी घेतली गेली. वर सांगितलेलं तंत्र तेच, बारकावा कितीतरी जास्त.

आपल्याकडे २०२३च्या अंतराळ धोरणानुसार ५ मीटर ठिपक्याची किंवा त्याहून ढोबळ सरकारी चित्रं सर्वांना मोफत, त्याहून बारीक असतील तर बिगरसरकारी ग्राहकाला किंमत मोजून. इस्रोचा कार्टोसॅट-३, नोव्हेंबर २०१९मध्ये गेलेला, पाव मीटरच्या आसपास बघतो.

परदेशी कंपनीकडून नवा फोटो काढून घ्यायचा तर अनेकदा किमान १०० चौरस किलोमीटरची मागणी लागते. एका शेतकऱ्याच्या आवाक्यातलं ते नव्हे; साखर कारखाना किंवा सोसायटी मिळून करू शकते.

प्रश्न : उपग्रहाला गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? – कागल

नाही. बाजारात मिळणाऱ्या उत्तम कॅमेरा-चित्रांचा ठिपका साधारण ३० सेंटिमीटरचा. कारची प्लेट ५० सेंटिमीटर लांब आणि १२ उंच, म्हणजे धड दोन ठिपकेही नाहीत. शिवाय प्लेट उभी, उपग्रह वरून बघतो. सहाशे किलोमीटरवरून २ सेंटिमीटर जाडीची रेघ ओळखायला जवळजवळ २० मीटर रुंदीचा आरसा लागेल. हबल दुर्बिणीचा आहे २.४ मीटर. गाडी कार आहे की ट्रक, आणि काल उभी होती ती आज आहे का, एवढं मात्र नक्की कळतं.