विशाखापट्टणमच्या बीचवरची पाणबुडी आतून बघण्यासारखी आहे का?

हो, आत जाच. तुमच्याकडे दोनच दिवस आहेत, सोबत नऊ वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीने बेजार आई, तेव्हा रामकृष्ण बीचवरच्या 'कुरसुरा' पाणबुडीचा बाहेरून फोटो काढून पुढे निघावं असं वाटणं साहजिक आहे. मीही तसाच निघालो होतो. पण बाहेरून ती ९१ मीटर लांबीचं काळं धूड दिसते, एवढंच. मजा सगळी पोटात.

आत माहिती सांगायला नौदलातून निवृत्त झालेली माणसं असतात. मागून रांग ढकलत असते, त्यामुळे तीही भराभर सांगतात. मी जरा रेंगाळलो आणि त्यांच्यातल्या एकांना विचारलं, "झोपायचं कुठे?" त्यांनी हात केला तो थेट पाणतिरांकडे, म्हणजे टॉर्पेडोंकडे. पुढच्या कप्प्यात पाणतीर सोडायच्या सहा नळ्या, मागच्या कप्प्यात चार, आणि पाणतिरांच्या शेजारीच बिछाने. एवढ्या जागेत पंचाहत्तरेक माणसं. आंघोळीचं नाव काढायचं नाही.

मुलाला आधी एक गोष्ट सांगून ठेवा: डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून खोल पाण्यात ही बॅटरीवर चालायची आणि बॅटरी चार्ज करायला वर यावंच लागायचं. हे माहीत असलं की इंजिनाचा कप्पा बघताना तोच तुम्हाला प्रश्न विचारत सुटेल.

ही १९६९ साली सोव्हिएत युनियनमधल्या रिगा इथे आपल्या नौदलात आली, १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीला होती, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून इथे आहे. (हिच्या एका थोरल्या बहिणीचं, म्हणजे हिच्याआधी आलेल्या अशाच पाणबुडीचं, नाव 'खांदेरी'. आपल्याच खांदेरी किल्ल्यावरून. मला तिथे उगाच भरून आलं.)

आईंबद्दल स्पष्ट सांगतो: कप्प्याकप्प्यांमधली दारं गोल आणि बुटकी आहेत, वाकून एकेक पाय उचलत जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर नकोच. रस्त्यापलीकडे टीयू-१४२ विमान ठेवलंय, ते त्यांनाही निवांत बघता येईल. आणि गंमत बघा, ते विमान पाणबुड्या हुडकणारं. सावज आणि शिकारी समोरासमोर! पण आधी पाणबुडी, मग विमान. आपण कशातून सुटून आलो ते तेव्हाच कळतं.

सोमवार टाळा, त्या दिवशी पाणबुडी बंद असते.

बाहेर आलात की समुद्राकडे तोंड करून थोडं बसा. जवळच १९७१ च्या विजयाचं स्मारक आहे. आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाच्या मागावर आलेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास याच पाण्यात बुडाली. नेमकी कशामुळे, यावर दोन्ही देशांचं आजही एकमत नाही. ती अजून तिथेच तळाशी आहे. कुरसुराच्या पोटातून नुकतंच बाहेर आलेल्या माणसाला 'शत्रूची पाणबुडी बुडाली' हे वाक्य वेगळंच ऐकू येतं. मला तरी त्या बिछान्यांची आठवण झाली.

मुलाला लाटांपाशी खेळू द्या, पण आत उतरू देऊ नका. तिथलं पाणी माणसाला ओढून नेतं.