नातवाचे 'आक्स' आणि इंग्रजीचा दर्जा

प्रश्न : मी निवृत्त इंग्रजी शिक्षिका आहे. लंडनमध्ये वाढणारा माझा नातू 'आस्क'ला 'आक्स' आणि 'थिंक'ला 'फिंक' म्हणतो. बीबीसीवरही पूर्वीचे स्वच्छ उच्चार ऐकू येत नाहीत. इंग्रजीचा दर्जा घसरतो आहे का?

उत्तर : हे उच्चार आपल्या कानाला खटकावेत, हे साहजिकच आहे, परंतु 'आक्स' हा आजच्या मुलांनी केलेला बिघाड नव्हे. चौदाव्या शतकातील इंग्रजी कवी चॉसरच्या लेखनात हे रूप आढळते, आणि १५३५ साली छापलेल्या, कव्हरडेल या अनुवादकाच्या इंग्रजी बायबलात 'मागा म्हणजे तुम्हांस दिले जाईल' या वचनातील 'मागा'साठीही हेच रूप योजलेले आहे. पुढे प्रमाणभाषेने 'आस्क' स्वीकारले, 'आक्स' बोलींत टिकले, आणि आज लंडनमध्ये ते मुख्यतः कॅरिबियन वंशाच्या कुटुंबांच्या बोलीतून इतर मुलांच्या तोंडी रुळले आहे.

ज्या उच्चारांना आपण स्वच्छ मानत आलो, त्यांचा पूर्वेतिहासही फारसा वेगळा नाही. 'कार्ड'सारख्या शब्दांतला 'र' लंडनकर जवळजवळ गिळून टाकतात, अशी नोंद जॉन वॉकर याने १७९१च्या आपल्या उच्चारकोशात केली होती. एकोणिसाव्या शतकात हा 'र' वगळून जुळवलेल्या यमकांना 'कॉकनी', म्हणजे लंडनच्या कामगारवर्गाच्या बोलीतली, म्हणून हिणवले जाई. आणि तरीही 'र' गाळणारा तोच उच्चार पुढे बीबीसीच्या निवेदकांसाठी आदर्श ठरला. निवेदकांच्या उच्चारांसाठी बीबीसीने १९२६मध्ये कवी रॉबर्ट ब्रिजेस यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली होती. दुसऱ्या महायुद्धात निवेदक विल्फ्रेड पिकल्स यांनी उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशरच्या ढंगात बातम्या वाचल्या, तेव्हा अनेक श्रोते नाराज झाले. आज असे ढंग सर्रास ऐकू येतात. एका वर्गाच्या उच्चारांची मक्तेदारी संपली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

'फिंक'बाबत मात्र आपली काळजी अनाठायी नाही. (आपला मराठी 'थ'ही त्या इंग्रजी ध्वनीहून निराळाच आहे.) 'थ्री' आणि 'फ्री' एकसारखे झाले, तर ऐकणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो, शिवाय मुलाखतीत उच्चारांवरून माणसाची पारख करणारे लोक ब्रिटनमध्ये अजूनही आहेत, हे अन्यायाचे असले तरी खरे आहे. तरीही नातवाला मित्रांशी बोलताना टोकू नये. त्याऐवजी त्याच्याकडून रोज एखादे पान मोठ्याने वाचून घ्यावे आणि 'थ'साठी जिभेचे टोक दातांमध्ये हलके धरून हवा सोडायला त्याला शिकवावे. हे आपण व्हिडिओ कॉलवरूनही सहज करू शकाल.