अंतर निम्मं येतंय? आधी रेखांशाचं चिन्ह बघा

तुमची पोस्ट वाचली आणि माझेच तीन आठवडे आठवले. न्यूयॉर्क (जेएफके विमानतळ) ते टोकियो (नारिता विमानतळ) अंतर, अक्षांश-रेखांशांवरून काढणाऱ्या तुमच्या स्प्रेडशीटमध्ये, ५,७०५ किमी येतंय, मग विमानाला चौदा तास का लागतात, असं तुम्ही विचारलंय. वेळ बरोबर आहे, अंतर चुकलंय. खरं अंतर १०,८३० किमीच्या आसपास आहे. फॉर्म्युला, अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक), पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी हे तुम्ही नीट घेतलेलं दिसतंय, त्यात शिरत नाही.

न्यूयॉर्कचा रेखांश ७३.७८ पश्चिम, म्हणजे शीटमध्ये तो उणे हवा. चिन्ह गळलं की जेएफके त्याच अक्षांशावर थेट किरगिझस्तानात जातं, आणि तिथून नारिता खरंच ५,७०० किमी आहे.

मीही हेच केलं होतं. आणि चूक सापडत नव्हती, कारण शीट मी तपासून घेतली होती! न्यूयॉर्क–लंडन घालून पाहिलं, ५,५४० आलं, अगदी बरोबर. पण लंडनचा हीथ्रो विमानतळसुद्धा ग्रिनिचच्या, म्हणजे शून्य रेखांशाच्या, किंचित पश्चिमेलाच आहे. दोन्हीकडची चिन्हं गळली तरी रेखांशांमधला फरक तोच राहतो आणि उत्तर अचूक येतं. त्या एका उत्तरावर विसंबून मी बाकीच्या सगळ्या ओळी भरल्या. या अंतरांचं विवरण जिथे द्यायचं होतं त्या कार्यालयातून ते तीनदा परत आलं, शेरा एकच: ‘अंतर जुळत नाही’. कोणती ओळ, कशाशी जुळत नाही, फोनवरही कुणी सांगेना. एका ओळीखाली रेघ ओढायला किती वेळ लागतो? अजून राग येतो.

म्हणून तपासणीला सिडनी–न्यूयॉर्क घ्या, असं माझं ठाम मत आहे. एक दक्षिण-पूर्व, दुसरं उत्तर-पश्चिम. साधारण १६,००० किमी आलं तरच शीटवर विश्वास ठेवा.

आता वेळ. मी वैमानिक नाही, हा फक्त ढोबळ अंदाज: अंतराला ताशी ८८० किमीने भागा आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवा. न्यूयॉर्क–टोकियोला पावणेतेरा तास येतील. वेळापत्रकातला आकडा मोठा असतो, कारण तो गेट ते गेट धरतात, धावपट्टीपर्यंतचं रांगणंही त्यात येतं. शिवाय उंचावरचा जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला जाताना सुमारे सात तास, तर परतताना आठ. आणि विमान दरवेळी सर्वात जवळच्या मार्गाने जाईलच असं नाही. २०२२मध्ये युरोपीय विमानांना रशियाचं आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेलं, अंतर मात्र शीटमध्ये तेवढंच.

तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी मात्र करू नका, त्या त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. हिवाळ्यात टोकियो न्यूयॉर्कच्या चौदा तास पुढे असतं, उन्हाळ्यात तेरा, कारण जपान घड्याळं बदलत नाही. टोकियोहून सकाळी निघालेलं विमान न्यूयॉर्कला त्याच तारखेला, कधीकधी घड्याळाप्रमाणे निघण्याच्या आधीच उतरतं. दोन्ही वेळा आधी यूटीसीत (जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ) आणा, मग वजा करा.

शीटमध्ये चिन्हासाठी वेगळा रकाना ठेवा: पू./प. आणि उ./द. अक्षरं तशीच भरायची, उणे फॉर्म्युल्याने लागू द्यायचं. माझं तेव्हापासून तसंच आहे. दुरुस्त केल्यावर किती येतंय ते इथे लिहा, मी पडताळून देईन.