रस्त्याला तारखेचं नाव काहून?

प्रश्न: दिवाळीत आम्ही पणजीला गेलो होतो. तिथं एका रस्त्याचं नाव १८ जून रस्ता, दुसऱ्याचं ३१ जानेवारी रस्ता! आमच्या मिस्टरांचं म्हणणं, त्या तारखेला तिथं बाजार भरत असेल. गाइड म्हणाला, ३१ जानेवारीला पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला. खरं काय ते सांगा ना दादा. (एक वाचक, महाल)

उत्तर: ताई, मिस्टरांवर हसू नका, नागपूरच्या माणसाचं डोकं तसंच चालणार, आपल्याकडं इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही सगळी नावं आठवडी बाजारावरूनच तर पडली, आणि ती लोकांच्या तोंडून पडली, कोणी ठराव करून नाही. पणजीतल्या तारखा मात्र सरकारनं पाटीवर चढवलेल्या, त्यातही दोन वेगवेगळ्या सरकारांनी.

१८ जूनचं सोपं आहे. १९४६ साली त्या दिवशी राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडून भर पावसाळ्यात मडगावला सभा घेतली आणि पोलिसांनी त्यांना धरलं. सभा मडगावची, रस्ता पणजीचा, म्हणून घोळ होतो. गोवा १९६१ ला मुक्त झाला त्यानंतरचं हे नाव.

३१ जानेवारीची भानगड जास्त मजेदार. गाइडचं उत्तर खूप ठिकाणी छापलेलं दिसतं पण चूक आहे, कारण स्पेनचं जोखड पोर्तुगालनं झुगारलं ते १ डिसेंबर १६४० ला. ३१ जानेवारी ही तारीख १८९१ ची. आफ्रिकेतल्या मुलखावरून इंग्रजांनी आदल्या वर्षी पोर्तुगालला दम दिला, तिथल्या राजानं माघार घेतली, लोक भडकले, आणि पोर्तुगालच्याच पोर्तो शहरात सैन्याच्या काही तुकड्यांनी बंड करून सरळ प्रजासत्ताक जाहीर करून टाकलं! बंड त्याच दिवशी मोडलं. पण १९१० ला राजेशाही खरंच गेली आणि मग या फसलेल्या बंडाला एकदम मान आला, खुद्द पोर्तोतही याच नावाचा मोठा रस्ता आहे. आता गंमत बघा, राजा गेल्याचं कौतुक पणजीच्या पाटीवर, आणि गोवेकर मात्र पुढं अजून पन्नास वर्षं पोर्तुगालच्याच ताब्यात.

हा ३१ जानेवारी रस्ता ज्या रंगीत घरांच्या मोहल्ल्यातून जातो ना, तिथं तुम्ही फोटो काढलेच असतील, त्या फोंताइन्हासचं नाव मात्र आपल्या इतवारीच्या जातीचं. फोंताइन्हास म्हणजे छोटे झरे. टेकडीच्या पायथ्याशी पाणी होतं, पडलं नाव. तो जुना झरा तिथंच, मळा नावाच्या मोहल्ल्याच्या बाजूला आहे, फोंते फेनिक्स म्हणतात, पुढच्या खेपेला बघून या. आणि १८ जून रस्त्यावर काजू घ्याल तर दोन-चार दुकानं फिरून भाव विचारूनच घ्या बरं का.