वाचकांचे प्रश्न : ग्रीसचे डोंगर आणि अथेन्सचं धान्य

प्रश्न : ग्रीकांची भाषा एक, देव तेच; मग त्यांचं एक राज्य न होता शेकडो नगरराज्यं का झाली? आणि अथेन्सला आरमार इतकं का लागायचं?

उत्तर : ग्रीसचा बहुतेक भाग डोंगराळ. लहान लहान खोरी, मध्ये कडे, हिवाळ्यात उंचावरच्या खिंडी बर्फाने बंद. त्यामुळे खोऱ्याखोऱ्याने आपला कारभार आपणच पाहिला. मात्र सगळं डोंगरांच्या माथी मारू नये. अथेन्सशेजारच्या बिओशिया प्रांताच्या सपाट मुलखातही अनेक नगरराज्यं होतीच.

आरमारामागची खरी गोम धान्याची. अथेन्सभोवतीच्या अ‍ॅटिकात वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांशी हिवाळ्यात. एवढ्यावर जव तग धरतो, गहू वरचेवर हातचा जातो. म्हणून गहू काळ्या समुद्राकाठून यायचा. जाताना वाटेतल्या हेलेस्पाँटच्या (आजच्या दार्दानेल्सच्या) सामुद्रधुनीत प्रवाह आणि उन्हाळी उत्तरेचा वारा, दोन्ही तोंडावर; वारा फिरेपर्यंत जहाजं नांगर टाकून खोळंबत. परतताना मात्र तोच वारा शिडात भरे. ही चिंचोळी वाट शत्रूच्या हाती गेली की अथेन्समध्ये चूल पेटणं मुश्कील. इ.स.पू. ४०५ मध्ये अथेन्सशी लढणाऱ्या स्पार्टा या नगरराज्याचा सेनानी लायसँडर याने तिथेच, इगोस्पोटामीला, अथेन्सचं जवळजवळ सगळं आरमार पकडलं. धान्य थांबलं आणि इ.स.पू. ४०४ मध्ये उपाशी शहराने शरणागती पत्करली.