स्टिरिओसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना मोडावी का?

सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावरील आपल्या घरी निवृत्तीनंतर पुन्हा निवांत गाणे ऐकता यावे म्हणून ॲम्प्लिफायर, टॉवर स्पीकर आणि टर्नटेबल (तबकड्या वाजवण्याचे यंत्र) असा साडेतीन लाखांचा संच घ्यावा, आणि त्यासाठी चौदा महिन्यांपूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेल्या ३० लाखांतून रक्कम काढावी, असे आपण लिहिता. हौसेला माझी हरकत नाही. पैसा जिथून काढायचा म्हणता, त्याला आहे.

या योजनेतून हवी तेवढीच रक्कम काढता येत नाही. मुदतीआधी खाते बंद करायचे तर ते संपूर्णच करावे लागते. खात्याला एक वर्ष झाले असेल, पण दोन झाली नसतील, तर मुद्दलातून दीड टक्का कापला जातो, म्हणजे आपले ४५,००० रुपये जातील. एवढ्यात एक चांगला ॲम्प्लिफायर येतो! शिवाय उरलेली रक्कम पुन्हा ठेवताना त्या दिवशीचा दर आणि पाच वर्षांची नवी मुदत स्वीकारावी लागेल.

दुसरीकडे, ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज आपल्याला मिळते, आणि घरखर्च निवृत्तिवेतनात भागतो असे आपणच कळवले आहे. म्हणून दोन तिमाहींचे व्याज, म्हणजे १,२३,००० रुपये, ही मर्यादा मी सुचवेन. आजारपणासाठी ठेवलेल्या दोन लाखांच्या मुदत ठेवीला मात्र हात लावू नये.

या रकमेतला मोठा वाटा स्पीकरवर खर्चावा. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला टेकवलेले टॉवर स्पीकर खर्जात घुमण्याचीच शक्यता अधिक असते. तिथे स्टँडवरचे लहान बुकशेल्फ स्पीकर पुरतात. वॅटच्या आकड्यांना भुलू नये, कारण शक्ती दुप्पट केली तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. माळ्यावरचा जुना ॲम्प्लिफायर विकण्याआधी चांगल्या कारागिराला दाखवावा. बरेचदा कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे सुटे भाग) बदलून आणि स्विच साफ करून काम भागते, आणि तसे झाले तर वाचलेले पैसे टर्नटेबलकडे वळवता येतील. तोही घेण्यापूर्वी आपल्या तबकड्या काढून पाहाव्यात, कारण ठाण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या तबकड्यांवर बुरशी धरते. सुई झिजते, ती अधूनमधून बदलावी लागते. तो खर्चही हिशेबात धरावा.

या दोनपैकी पहिल्या तिमाहीचे व्याज जमा झाले की फक्त स्पीकर घ्यावेत, तेही दुकानात आपल्याच सवयीचे गाणे, घरी लावता तेवढ्याच आवाजात ऐकून.